अर्धा किलोमीटर नाटक

टेपभाऊंचं खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि ते बहुधा तिथेच राहील. त्या नावाने अर्जुनी मोरगावात चौकशी केलीत तर स्टेशनाजवळचा चहावाला तुम्हाला सरळ सडक अर्जुनीला पाठवून देईल. गोंदिया जिल्ह्यात अर्जुन्या दोन, एक महामार्गावरची आणि एक रेल्वेवरची. ज्याचा पत्ता लागत नाही तो माणूस दुसऱ्या अर्जुनीचा, असा दोन्हीकडचा ठाम समज आहे. भाऊंनी मागवलेला टेपरेकॉर्डरचा रबरी बेल्टसुद्धा आधी सडक अर्जुनी बघून मगच इकडे येतो. पण ‘ते टेपवाले’ एवढं म्हणा, लहान पोरगंही दारापर्यंत आणून सोडतं. दारात मात्र थांबत नाही. भाऊ ऐकायला बसवतील ही भीती.

हा माणसाचा प्रकार तसा महाराष्ट्रभर सापडतो. पुण्या-मुंबईतल्या नमुन्याकडे खाजगी मैफलींच्या टेपा असतात. ‘ही माझ्याकडे आहे हे कुणाला सांगू नका’ असं तो भेटेल त्याला सांगतो. एक दुर्मीळ मारवा दिला तर त्या बदल्यात तो एक अर्धवट तोडी देतो, तीही शेवटची दहा मिनिटं कापून. टेपभाऊ त्याच कुळातले, पण झाडीपट्टीच्या मातीतले. त्यांना मारवा माहीत नाही. त्यांच्याकडे नाटकं आहेत, अख्खीच्या अख्खी, खोकल्यांसकट.

नोकरी वीज खात्यात, लाईनमनची. सारी हयात याच तालुक्यातल्या खांबांवर गेली. दिवसा खांब हा पोटाचा उद्योग होता, खरा उद्योग रात्री सुरू व्हायचा. धान कापून झालं, भाऊबीज झाली की आमच्या मुलखात मंडईची जत्रा भरते, बैलांचा शंकरपट होतो आणि त्या रात्री गावात नाटक असतं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया असा हा सारा झाडीपट्टीचा पट्टा. नाटक कंपन्यांचं माहेर वडसा, आमच्याच गोंदिया-बल्लारशा लाईनवरचं पुढलं मोठं स्टेशन. पडदा रात्री दहा-अकराला उघडायचा तो कोंबडं आरवेपर्यंत मिटायचा नाही. लेकी-जावई, व्याही-विहिणी पाहुणे येतात, घराघरात मटण शिजतं, नाटक बघता बघता पुढच्या लग्नांच्या सोयरिकीही जमतात. आणि हा सगळा बेत ज्या एका माणसाच्या हातात असतो तो लाईनमन. मंडपाला तात्पुरती वीज तो देणार. नायकाला ताप आला तर प्रॉम्प्टर वेळ मारून नेतो. लाईनमनला ताप आला तर अंधार.

भाऊंनी या सत्तेचा गैरवापर केला नाही असं म्हणता येणार नाही, पण तो फारच स्वस्तात केला. मंडळाचे लोक पाकीट पुढे करायचे तेव्हा भाऊ म्हणायचे, “पैसे नको जी. एक प्लग अन्‌ एक स्टूल द्या.” स्टूलावर टेपरेकॉर्डर, शेजारी जमिनीवर भाऊ. प्लगचा बोर्ड रंगमंचाच्या कडेला पडद्याआड असायचा, म्हणून स्टूलही तिथेच. त्याच कोपऱ्यात, हातभर अंतरावर, कंदिलाच्या नाहीतर छोट्या दिव्याच्या उजेडात प्रॉम्प्टर हस्तलिखित घेऊन बसलेला असे. जागेच्या या निवडीमागे ध्वनिशास्त्र अजिबात नव्हतं, वायर आखूड होती. पुढे जे काही रामायण झालं ते त्या आखूड वायरमुळे.

आता थोडा हिशोब, कारण भाऊंकडे गेलात की पहिल्यांदा तोच ऐकावा लागतो. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ही छोटी कॅसेट आणली. फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या चालीने सरकणारी. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीत साधारण एकशे तीस मीटर फीत. सहा तासांच्या नाटकाला अशा चार लागतात. “म्हणजे किती झाली?” भाऊ विचारतात. आपण गप्प. “अर्धा किलोमीटर! एका रात्रीत अर्धा किलोमीटर नाटक. अन्‌ तुम्ही म्हणता, भाऊ, जरा त्यातलं ते गाणं काढून द्या.” साठवाल्या कॅसेटीची फीत अठरा मायक्रॉन जाड, नव्वदवालीची बारा, एकशेवीसवालीची नऊ. एकशेवीसवाली त्यांनी एकदाच वापरली. ती टेपने खाल्ली. त्या नाटकातला नायक तेव्हापासून तुरुंगातच आहे, सुटकेचा प्रवेश टेपच्या पोटात गेला.

कॅसेटी किती, हे भाऊ सांगत नाहीत. धनाचा आकडा सांगू नये या मताचे. मात्र त्या कुठे आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक, कारण वहिनींनी ते वेळोवेळी रस्त्यावर उभं राहून सांगितलेलं आहे: काही पत्र्याच्या पेटीत, काही देवघराखाली आणि उरलेल्या धानाच्या ढोलीत. ढोलीमागे भाऊंचा तर्क असा की धान ओल शोषून घेतं. तर्क अगदीच टाकाऊ नाही. आमच्याकडचा पावसाळा असा की आगपेटीची काडी ओढली तर ती पेटण्याऐवजी वाकते, आणि टेपेचा खरा वैरी ओल हाच. फितीवर पांढरी बुरशी धरते, लोहाच्या भुकटीला धरून ठेवणारा लेप सुटतो. फक्त धानाबरोबर कोंडा येतो आणि कोंड्यामागे उंदीर. शास्त्रीय संग्रहालयं थंड, कोरडी, एकसारखी हवा सांगतात. हे ऐकून भाऊ म्हणाले, “थंड हवा उन्हाळ्यात आम्हालाच मिळत नाही, नाटकाला कुठून देऊ?”

चिठ्ठ्यांचा प्रकार आणखी वेगळा. कॅसेटीवर तारीख लिहायची असते ही कल्पनाच भाऊंना मान्य नाही. तारीख कॅलेंडरात असते, कॅसेटीवर ओळख लिहावी. म्हणून कॅसेटींवर असं लिहिलेलं आहे: ‘पाऊस आला ते.’ ‘म्हैस मेली त्या सालचं.’ ‘चांगलं.’ ‘चांगलं २.’ ‘साळ्यासमोर वाजवू नये.’ एका कॅसेटीच्या एका बाजूला प्रतापगडच्या महाशिवरात्रीची भजनं आणि दुसऱ्या बाजूला तिथल्याच दर्ग्यावरची कव्वाली. प्रतापगडावर दोन्ही देवस्थानं शेजारी आहेत, तशी ती कॅसेटीतही. तिच्यावर लिहिलंय, ‘गड, दोन्हीकडून.’

लाईनमनला जात नसते आणि हद्दही नसते. खांब जिथे जातो तिथे तो जातो. या तालुक्यात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत आणि गोठणगावला नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत, सत्तरच्या दशकातली. भाऊ बंगाल्यांकडे फ्यूज बसवायला गेले आणि कीर्तन घेऊन आले. तिबेट्यांच्या नववर्षाला ट्रान्सफॉर्मर बघायला गेले आणि त्यांच्या देवळातला, दोन माणसांनी धरावा लागतो असा, लांबलचक कर्णा घेऊन आले, म्हणजे टेपेत. चिठ्ठी: ‘तिबेटी, मोठा भोंगा. आवाज कमी ठेवणे.’ दोन्ही भाषांतला एक शब्द त्यांना कळत नव्हता. त्यांनी तो कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. “नाटक पण कुठं सारं कळते?” एवढंच.

इतकं सगळं असून या कॅसेटी गावात कुणीही धड ऐकलेल्या नाहीत. भाऊ कॅसेट बाहेर देत नाहीत हे एक कारण. शेजाऱ्याने एकदा नेली होती, ती नंतर परत आली पण वाजताना सारखी ‘जय संतोषी माँ’ म्हणायला लागली. तेव्हापासून नियम: ऐकायचं तर घरी या. आणि घरी गेलं की दुसरं कारण कळतं. भाऊ बटण दाबतात, दोन मिनिटं शांत बसतात आणि मग म्हणतात, “आता ऐका हं, आता ती येते. सासू लाथ मारते अन्‌ ही म्हणते…” आणि ती काय म्हणते ते भाऊच म्हणतात, तिच्यापेक्षा मोठ्यानं. तिच्या पदाचं धृपद भाऊ गातात. लावणीला टाळी भाऊ देतात. प्रेक्षकांत कोण खोकलं तेही सांगतात, “हा पाटलाचा मोठा. याच खोकल्यात गेला पुढे.” तीन तास ऐकून माणूस उठतो तेव्हा त्याने झाडीपट्टीचं एक दुर्मीळ नाटक भाऊंच्या आवाजात ऐकलेलं असतं. मूळ कलाकार मागे कुठेतरी कुजबुजत असतात.

असं वर्षानुवर्षं चाललं. मग २०२३ साली गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. झाडीपट्टीचा सोंगाड्या राष्ट्रपती भवनात! साऱ्या मुलखाला एका रात्रीत आपल्या आजोबा-काकांच्या नाटकांची आठवण झाली. ज्यांनी भाऊंना ‘भंगार विका’ म्हणून सल्ला दिला होता ते चपला बाहेर काढून आत येऊ लागले. “खुणेजींचं काही आहे काय, भाऊ?” भाऊ छाती काढून म्हणायचे, “आहे ना. कोणत्या कॅशेटात आहे ते फक्त सांगता येत नाही.” हे उत्तर त्यांनी इतक्यांना दिलं की शेवटी कुणीतरी प्रामाणिकपणे विचारलं, मग सांगता येण्यासाठी काय करावं लागेल?

उत्तर भाऊंच्या पुतण्याच्या रूपाने आलं. नागपूरला इंजिनिअरिंग शिकणारा, पाठीवर बॅग, बॅगेत लॅपटॉप. या पोराच्या डोक्यात जुनं जपण्याचं वेड कुठून शिरलं कोण जाणे. भाऊ म्हणतात घराण्यातून, वहिनी म्हणतात इंटरनेटवरून. त्याने येताच भाषण दिलं. अमेरिकन इन्स्टिट्यूटचं लोकसंगीताचं संग्रहालय १९८२ साली आपल्या पुण्यातच सुरू झालं होतं. जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची सोसायटी मुंबईत १९९० पासून आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखावर भरल्या त्या.

“लाखावर?” भाऊंनी विचारलं. “मग त्यांनी स्टूल कुठं ठेवला होता?”

पोराने केसरबाई केरकरांचंही सांगून पाहिलं. १९७७ साली त्यांचं गाणं सोनेरी तबकडीवर कोरून व्हॉयजर यानातून अवकाशात पाठवलं, ते अजून चाललंय. भाऊ यावर खरोखर विचारात पडले. मग म्हणाले, “बरोबर केलं. तिथं उंदीर नाहीत.”

कामाला सुरुवात झाली ती भांडणाने. पोराने टेपरेकॉर्डर उघडला, कापूस स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसला. कापूस तपकिरी निघाला. “हे काय निघालं?” “फितीवरचा लेप झिजून हेडवर बसतो, काका.” “म्हणजे नाटकच पुसलं का तू?” त्यानंतर पोराने हेडशेजारचा बारका स्क्रू फिरवायला पेचकस घेतला आणि भाऊ खाटेवरून उठून उभे राहिले. हा स्क्रू फितीला हेड किती काटकोनात टेकतो ते ठरवतो. अंशभर वाकडा असला तरी वरचे सगळे सूर जातात, पेटी, पैंजण, स, श, छ सगळं. पोराने कानाने ऐकत ऐकत तो पाव वळसा फिरवला, आणि खोलीत एकदम पैंजण वाजले. इतकी वर्षं त्या नाटकात नाचणारी पैंजणाशिवाय नाचत होती. भाऊ खाली बसले. म्हणाले, “मला वाटत होतं तिचे पैंजण कंपनीनं गहाण टाकले असतील.”

मग एकेका कॅसेटीची शस्त्रक्रिया. स्पंजाचा तुकडा गळून पडलेल्या, खोकं तडकलेल्या कॅसेटींची फीत काढून दुसऱ्या खोक्यात घालायची. दुसरी खोकी मिळणार कुठून? सत्यनारायणाच्या कॅसेटींचा बळी द्यावा लागला. भाऊंनी गीतेचा दाखला देऊन वहिनींची समजूत घातली: आत्मा तोच, देह बदलला. वहिनींनी विचारलं, आणि सत्यनारायणाच्या आत्म्याचं काय? त्यावर गीतेत काही सापडलं नाही.

खरा कळस झाला ‘चांगलं २’ या कॅसेटीवर. पोराने कानाला हेडफोन लावला होता, स्क्रीनवर आवाजाच्या लाटा हलत होत्या. त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतंय: आधी दबकं, मग दोन सेकंदांनी मोठं. त्याचा चेहरा उजळला. त्याने वाचलेलंच होतं: फीत वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवली की एका वळशातला आवाज शेजारच्या वळशावर उमटतो. एका वळशाची लांबी सात ते सोळा सेंटिमीटर, म्हणजे दीड-तीन सेकंदांचं अंतर. तंतोतंत जुळलं! याला उपाय असतो, ते आधीचं भूत काढून टाकता येतं. त्याने भूत निवडलं, बोट डिलीटवर नेलं आणि पाठीत धपाटा बसला.

“अरे बाप्पा! प्रॉम्प्टरला मारतो काहून?”

हेडफोनची वायर ओढून भाऊंनी आवाज खोलीत सोडला. आधीचा आवाज नायकाचा नव्हताच. एक खर्जातला, पानाने भरलेला, बिलकूल अभिनय न करणारा आवाज एकेक वाक्य पुरवत होता: ‘आई, मी आलो, पुढे हो, पायावर डोकं ठेव.’ आणि दोन सेकंदांनी नायक हंबरडा फोडत होता, ‘आई, मी आलोऽऽ!’ एकदा तर त्याने ‘पुढे हो’ हेही हंबरड्यात घेतलं होतं. झाडीपट्टीत तालमी कमी, नाटकं फार. आज एका गावात दारुडा, उद्या दुसऱ्या गावात साधू. नट नाटक पाठ करत नाही, तो प्रॉम्प्टर पाठ करतो. आणि आखूड वायरमुळे भाऊंचा टेप प्रॉम्प्टरच्या तोंडाशी. परिणाम असा की कर्ण्यातून आलेला नायक कितीही फाटलेला असला, तिसऱ्या अंकात मंडपावरून वारा जात असला, तरी संहिता अक्षर न्‌ अक्षर स्वच्छ. हस्तलिखित वह्या कुणाच्या पुरात गेल्या, कुणाच्या वाळवीत. भाऊंच्या ढोलीत सारं शब्दन्‌शब्द बसलेलं होतं, रंगसूचनांसकट.

भाऊंना मात्र यात काही विशेष वाटेना. उलट ते नाराज झाले. “मी इतकी वर्षं नायकाचा आवाज धरायला बसलो, अन्‌ धरला हा पानवाला?”

नाराजी फार टिकली नाही, कारण पुढची कॅसेट त्यांच्या खात्याची निघाली. एका गावी खलनायकाच्या प्रवेशाला लाल दिवा हवा म्हणून मंडळाने ऐनवेळी भाऊंचा प्लग उपटला होता. भाऊंनी टेप सेलवर चालवला. सेल रात्रभर उतरत गेले, मोटर मंद होत गेली. मंद चालीवर भरलेली फीत पूर्ण चालीवर वाजवली की सगळे आवाज चढतात. त्यामुळे पहिल्या अंकात गर्जना करणारा खलनायक चौथ्यापर्यंत बालवाडीत जाऊन पोचला होता. ‘तुझ्या घरादाराची राखरांगोळी करीन’ हे वाक्य तो अशा आवाजात म्हणत होता की त्याच्या हातात चॉकलेट द्यावं. चाल नेमकी किती बिघडली हे कळायला खूण हवी. पोराने आवाजाच्या तळाशी पाहिलं. तिथे एक बारीक, अखंड घूं चालू होती: मंडपातल्या तारांमधली वीज माईकच्या वायरीत उतरलेली. ती पन्नास हर्ट्झ असायला हवी. ती छप्पन होती.

“काका, ही तुमची वीज.”

भाऊंनी चष्मा काढून पुसला. मग पोराने त्या घूंला जसजसं पन्नासावर खाली आणलं, तसतसा खलनायक मोठा झाला, आवाज फुटला, मिशी आली. “अर्थात,” भाऊ खात्याच्या सुरात म्हणाले, “त्या काळी ग्रिड पन्नासला पक्की नसे. कधी अठ्ठेचाळीसपर्यंत पण जाय. त्याला थोडा अजून खाली घे, तो मुळात याहून हलकट होता.”

बातमी फुटली तशी माणसं आली. प्रत्येकाला तुकडा हवा होता. नटाच्या नातवाला आजोबांचं एक वाक्य, मोबाईलच्या रिंगटोनला. संशोधन करणाऱ्या बाईंना फक्त दंडार आणि खडीगंमत ही लोकनाट्यं, नाटक नको. गोंदियाच्या एका पक्षीमित्राला ‘पाऊस आला ते’ या कॅसेटीतली पहाट. शेवटचा अंक चालू असताना बांधीत सारसाची जोडी ओरडलेली आहे, नायिकेच्या विषप्राशनाच्या बरोब्बर मध्ये. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात कसाबसा उरलाय, तेव्हा त्याची आस समजण्यासारखी. रेल्वेच्या नादिष्टाला जुन्या नॅरोगेजच्या इंजिनाची शिटी. तिबेटी वसाहतीतला एक तरुण मात्र वेगळा निघाला. तो भोंग्याची पूर्ण बाजू ऐकत बसला, मधे एकदा हसला आणि म्हणाला, कर्णा वाजवणारा चुकला आहे, आणि नंतर मागे कुणीतरी त्याला त्यावरून शिव्या देतंय. भाऊंना त्या दिवसापासून तिबेटी संगीत आवडायला लागलं.

बाकी सगळ्यांना एकच उत्तर. “तुकडा मिळणार नाही जी. घ्यायचं तर रात्र घ्या. रात्रभर बसा.” मी त्यांना एकदा समजावलं की भाऊ, माणसांना वेळ नाही, सारसवाल्याला सारस द्या, त्यात तुमचं काय जातं? भाऊ म्हणाले, “विष घेताना तिनं सारस ऐकला अन्‌ क्षणभर थांबली. ते थांबणं कोणाच्या वाट्याला द्यायचं, सांगा.” हे मला मान्य करावं लागलं, आणि मान्य करताना रागही आला. कारण या हट्टापायी नातवाला आजोबा मिळाले नाहीत ते नाहीतच. अशी माणसं वस्तू वाचवतात आणि तिच्यावर बसतात. उठवायला गेलं तर वस्तूच फुटेल अशी भीती घालतात.

वहिनींनी त्या सगळ्या दिवसांत काही मागितलं नव्हतं. त्यांचा दावा जुना होता. लग्नात फोटोवाला बोलावला नव्हता. नवरदेवाने स्वतःचा टेप मंडपाच्या खांबाला बांधला होता. ती कॅसेट ते कौतुकाने पिशवीत घेऊन फिरत. मग एका मंडईच्या रात्री लावणीला इतके वन्समोर पडले की चारही कॅसेटी संपल्या आणि शेवटचा अंक उरला. पिशवीत एकच कॅसेट होती. तिची टॅब तोडलेली नव्हती. झालं. मंगलाष्टकांवर खलनायकाचा वध चढला. पश्चात्तापात भाऊंनी पुढच्या मोसमात नव्या कोऱ्या कॅसेटींच्याही टॅबा दुकानातून येता येताच तोडून टाकल्या, आणि मंडपात बसल्यावर लक्षात आलं की आता त्यांवर काही भरताच येत नाही. त्या रात्री प्रॉम्प्टरच्या वहीची चिकटपट्टी काढून कॅसेटींच्या भोकांवर लावली गेली.

पुतण्याने ती लग्नाची कॅसेटही लावली. वध नीट झाला. खलनायक बराच वेळ मेला. टाळ्या, शिट्ट्या, आभारप्रदर्शन, आणि खट्. मग पाठोपाठ त्याच फितीच्या शेपटाकडे उरलेली चार-पाच मिनिटं: ‘…सावधान!’, अक्षतांचा सडा, बँडची पहिली बेसूर फुंकर, आणि माईकच्या अगदी जवळ वहिनींचे वडील कुणावर तरी डाफरताहेत की बैलांना तनस टाकली का, आणि माझा गडू कोणी नेला. दोनदा विचारतात. गडू नंतर सापडला की नाही ते कळत नाही, फीत संपते.

वहिनींनी ते पुन्हा लावायला सांगितलं. भाऊ नेहमीच्या सवयीने सुरू झाले, “आता ऐका हं, आता सासरेबुवा म्हणतात…” वहिनींनी नुसतं पाहिलं. भाऊ गप्प झाले. गावाच्या आठवणीत ही पहिली कॅसेट, जी भाऊंच्या आवाजाशिवाय वाजली. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि मग म्हणाल्या, “गडू तुमच्याच भावानं नेला होता.”

हल्ली भाऊंची नाटकं फायलींत गेली आहेत. चोख भरली तर तासाला गिगाबाइटभर जागा खातात, म्हणून पोराने दोन हार्डडिस्क आणल्या. एक नागपूरला ठेवली, एक भाऊंना दिली. ती अर्थातच ढोलीत गेली. वडशाच्या एका कंपनीने ‘चांगलं २’ चं नाटक पुन्हा उभं करायचं ठरवलंय, प्रॉम्प्टरच्या आवाजावरून वही उतरवून घेताहेत. भाऊंची अट एकच आहे आणि ती तुम्हाला ठाऊक आहे: प्लग आणि स्टूल. कंपनीच्या व्यवस्थापकाने सांगून पाहिलं की भाऊ, आता मोबाईलवर होतं सगळं. भाऊंनी नम्रपणे विचारलं की मोबाईलचा माईक प्रॉम्प्टरच्या किती जवळ जाऊ शकतो.

वहिनींसाठी पोराने त्या चार मिनिटांची वेगळी फाईल करून पेनड्राइव्हवर दिली. भाऊंनी तो पेनड्राइव्ह हातात घेऊन उलटसुलट केला, कडा चाचपल्या, चष्मा वर करून भोकं शोधली.

“याची टॅब कुठं तोडायची गा?”

पोराने सांगितलं, याला टॅब नसते काका, पण मी ‘रीड ओन्ली’ करून दिलंय, यावर कुणी काही चढवू शकत नाही.

“म्हणजे चिकटपट्टी लावली तरी नाही?”

“नाही.”

“बरं,” म्हणत भाऊंनी पेनड्राइव्ह खिशात टाकायला घेतला, पण तोवर वहिनींनी तो काढून घेऊन पदराच्या गाठीत बांधला होता, आणि ढोलीकडे न जाता त्या सरळ शेजारणीकडे ऐकवायला निघाल्या.